घाबरट हिरोंची हसरी पुस्तकं

मराठीत भीती राहते पोटात. पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, परीक्षेच्या दिवशी पोटात बाकबुक होतं. मुलांच्या डॉक्टरांना हे रोज दिसतं. 'मला काळजी वाटतेय' असं सात-आठ वर्षांचं मूल क्वचितच म्हणतं, ते 'पोट दुखतंय' म्हणतं. सोमवारी सकाळी दुखतं, रविवारी दुखत नाही. आपण त्याला ढोंगी म्हणून मोकळे होतो. पण दुखणं बऱ्याचदा खरंच असतं, फक्त त्याचं कारण डब्यातल्या भाजीत नसतं.

भीती शरीरात कुठे होते ते सांगणारे शब्दप्रयोग आपल्याकडे भरपूर आहेत. घाबरणाऱ्या मुलाशी बोलायला मात्र दोनच ठेवणीतले शब्द निघतात. एक 'भित्री भागूबाई' आणि दुसरा 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस'. पहिला टोमणा, दुसरा इशारा. रात्री दहा वाजता दिवा मालवल्यावर कपाटाच्या फटीकडे बघत पडलेल्या मुलीला दोन्हींचा उपयोग नाही. उलट दुसऱ्याने तिला एक नवीन ब्रह्मराक्षस मिळतो.

म्हणून आज काही अशा पुस्तकांबद्दल लिहिते आहे, ज्यांचे नायक-नायिका चक्क घाबरट आहेत आणि जी वाचताना मुलं खो खो हसतात. इंग्रजीत यांना 'चॅप्टर बुक' म्हणतात. चित्रांचं पुस्तक संपलं आणि जाडजूड कादंबरी अजून झेपत नाही, अशा साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा हा प्रकार. अक्षर मोठं, प्रकरणं छोटी, दोन-चार पानांनी एखादं रेखाचित्र. झोपण्यापूर्वी एक प्रकरण संपतं आणि दुसरं वाचण्यासाठी हट्ट करता येतो. आपली बरीच मुलं आज इंग्रजी माध्यमात आहेत, तेव्हा ही पुस्तकं त्यांच्या हाती सहज पडू शकतात. नसतील वाचत, तर आपण वाचून मराठीत सांगावीत. मी तेच करते.

रमोना: बुटाने लढलेली लढाई

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंड नावाचं शहर आहे. तिथल्या क्लिकिटॅट स्ट्रीटवर रमोना क्विंबी राहते. बेव्हर्ली क्लिअरी या लेखिकेने १९५५ पासून १९९९ पर्यंत तिच्यावर आठ पुस्तकं लिहिली. या बाईंना १०४ वर्षांचं आयुष्य लाभलं, २०२१ मध्ये त्या गेल्या. तीन पिढ्यांनी रमोना वाचली, पण रमोना काही दहा वर्षांच्या पुढे फारशी सरकली नाही.

१९७५ चं 'रमोना द ब्रेव्ह' हे त्यातलं भीतीचं पुस्तक. रमोना सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. तिला स्वतंत्र खोली हवी असते. घरच्यांची ओढाताण असूनही खोली बांधली जाते. भिंतीला भोक पडतं, सुतार येतात, शाळेत जाऊन रमोना फुशारकी मारते. आणि मग पहिली रात्र येते. खोलीत ती एकटी. पुस्तकातल्या गोरिलाचं चित्र इतकं भयंकर वाटतं, की ते पुस्तक ती बैठकीच्या खोलीत उशीखाली दडपून येते.

खरी गंमत आणि खरं दुःख पुढे आहे. खोली तिनेच मागितली होती, मग 'मला भीती वाटते' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मोठ्या माणसांनाही हा पेच चांगला परिचयाचा आहे. हौसेने मागून घेतलेल्या बढतीची पहिल्याच आठवड्यात धडकी भरते, पण घरी सांगता येत नाही, तसंच हे.

शेवटी एके दिवशी शाळेच्या वाटेवर एक मोठा कुत्रा तिला अडवतो. रमोना पायातला बूट काढून त्याच्यावर भिरकावते. कुत्रा बूट तोंडात धरतो, आणि आपली शूर नायिका एकाच बुटाने वर्गात हजर होते. मग कागदी टॉवेलची सपाता बनवून ती वेळ मारून नेते. शौर्य असं दिसतं: थोडं वेडंवाकडं, एक पाय अनवाणी.

अल्विन: शाळेत मुका, घरी फटाका

माझा सगळ्यात लाडका आहे अल्विन हो. लेखिका लेनोर लुक, चित्रं ले-युएन फाम यांची. २००८ ते २०१४ या काळात सहा पुस्तकं निघाली. पहिल्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'मुली, शाळा आणि इतर भयंकर गोष्टींची ॲलर्जी'. पुढच्या पुस्तकांत ॲलर्जीची यादी वाढत जाते: तंबूत राहणं, डोंगर चढणं, वाढदिवसाच्या पार्ट्या, विज्ञानाचे प्रकल्प, अंत्यविधी, बाळं, चोर आणि शेवटी चीनची भिंत.

अल्विन दुसरीत आहे. घर चिनी वंशाचं, राहणं मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावात. हे गाव निवडण्यात लेखिकेचा खट्याळपणा आहे. १७७५ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली सुरुवातीची लढाई इथे झाली. वॉल्डन तळ्याकाठी एकटा झोपडी बांधून राहणारा थोरो इथलाच. अशा शूरांच्या आणि एकांतवीरांच्या गावात हा मुलगा लिफ्टला घाबरतो, बोगद्याला घाबरतो, मुलींना घाबरतो आणि शाळेला तर इतका घाबरतो, की तिथे त्याच्या तोंडून शब्दच फुटत नाही. एकही नाही.

घरी मात्र हाच अल्विन फायरक्रॅकर मॅन नावाचा महावीर असतो, आणि आवाजही फटाक्यासारखाच. मोठा भाऊ कॅल्विन, कशालाही न घाबरणारी धाकटी बहीण ॲनिबेली, आणि राग आला की शेक्सपिअरच्या काळातल्या शिव्या घालणारे बाबा. आपल्याकडे एखादे काका चिडल्यावर मोरोपंतांच्या आर्येत बोलू लागले तर कसं होईल, तसं. अल्विनला बाबांसारखं सभ्य गृहस्थ व्हायचं आहे, त्यामुळे त्याला सभ्यपणाचे नियम आणि जुन्या शिव्या असं दोन्ही पाठ आहे.

त्याच्या दप्तरात एक 'वैयक्तिक आपत्ती-संच' असतो. मी त्याला 'संकटपेटी' म्हणते. त्यात शिट्टी आहे, लसूण आहे, दात साफ करायचा दोरा आहे. लसूण रक्तपिपासू भुतांसाठी. दोरा कशासाठी, तर कशासाठीही.

आमच्या वडोदऱ्यातल्या मंडळाच्या ग्रंथालयात शनिवारी संध्याकाळी मुलं जमतात, त्यांना मी हा भाग सांगितला आणि म्हटलं, आता तुमची संकटपेटी लिहा. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही. एकाने लिहिलं, 'आजीचा फोन नंबर, कारण आई उचलत नाही.' एकीने दोन पाण्याच्या बाटल्या लिहिल्या, एक प्यायला आणि एक 'पहिली हरवली तर'. तिसरीतल्या एका मुलाने पेटीत काहीच ठेवलं नाही, खाली फक्त एक प्रश्न लिहिला: 'लिफ्टमध्ये अडकलो तर गुजरातीत ओरडायचं की हिंदीत?'

आम्ही सगळे हसलो, तोही हसला. पण हा प्रश्न विनोदी नाही. घरात मराठी, सोसायटीत गुजराती, बसमध्ये हिंदी, वर्गात इंग्रजी अशा चार भाषांत वाढणाऱ्या मुलाला पडलेला तो अगदी व्यवहारी प्रश्न आहे. बेळगावच्या मुलाला तो कन्नड-मराठीत पडेल, हैदराबादच्या मुलीला तेलुगू-हिंदीत. संकटपेटी नसती तर तो प्रश्न कागदावर आलाच नसता.

प्लॉप: अंधाराला घाबरणारं घुबड

धाकट्यांसाठी एक जुनं इंग्लिश पुस्तक आहे. जिल टॉमलिन्सन यांचं, १९६८ सालचं, घुबडाच्या पिल्लाचं. पिल्लाचं नाव प्लॉप. त्याला अंधाराची भीती वाटते, म्हणून त्याला घुबडच व्हायचं नाही. कल्पनेतच हसू आहे: माशाला पाण्याची भीती वाटावी तसं.

त्याची आई काय करते ते बघण्यासारखं आहे. ती 'घुबडासारखं वाग' म्हणत नाही. ती म्हणते, खाली जा आणि लोकांना अंधाराबद्दल विचारून ये. पिल्लू झाडावरून खाली येतं, प्रत्येक वेळी धपकन आपटतं आणि प्रत्येक वेळी नवीन कुणाला तरी भेटतं. फटाक्यांची वाट बघणारा मुलगा म्हणतो, अंधार पडल्याशिवाय मजाच नाही. स्काउटच्या मुलाला शेकोटी आठवते. दुर्बीण घेऊन बसलेला माणूस त्याला तारे दाखवतो. शेवटी एक मांजर त्याला चांदण्यातली छपरं दाखवून आणते. सात प्रकरणं, अंधाराचे सात गुण. आठवडाभर रोज एक प्रकरण वाचावं इतकं नेटकं गणित.

याहून लहानांसाठी आर्नल्ड लोबेल यांच्या बेडूक आणि भेकाच्या गोष्टी आहेत. १९७२ च्या पुस्तकात एक गोष्ट अशी, की दोघे मित्र आपण शूर आहोत का हे तपासायला आरशात बघतात, मग डोंगर चढायला निघतात. वाटेत साप येतो, दरड येते, ससाणा येतो. दोघेही 'आम्ही घाबरत नाही' असं ओरडत सुसाट पळतात आणि घरी येऊन एक जण पांघरुणात, दुसरा कपाटात दडून बसतो. तिथे बसल्या बसल्या दोघांना फार शूर वाटत राहतं.

हसण्याने काय होतं

ही पुस्तकं वाचताना माझ्या लक्षात आलेल्या तीन गोष्टी सांगते.

पहिली, इथे हसू कुणाला येतं आणि कुणावर येतं हे फार जपलेलं आहे. अल्विन स्वतःच आपली गोष्ट सांगतो. त्याला लिफ्टची भीती वाटते याला आपण हसत नाही. लिफ्ट टाळायला तो ज्या खटपटी करतो, त्यांना हसतो. रमोनाची भीती कुठेही खोटी ठरवलेली नाही. वाचणारं मूल नायकाच्या पायरीवरच उभं राहून हसतं. घरातला काका 'अरे, हा बघा झुरळाला घाबरतो' म्हणून हसतो, ते हसू वेगळं. तिथे सगळे वर उभे असतात आणि मूल एकटं खाली.

दुसरी, भीतीला आकार मिळतो. चिंता ही धुक्यासारखी असते, कुठून सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. ॲलर्जीची यादी केली, संकटपेटीत वस्तू मोजून ठेवल्या, की धुक्याचे तुकडे होतात. तुकड्यांकडे बघता येतं, त्यांना नाव देता येतं, हसताही येतं.

तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते. या पुस्तकांत कुणी 'बरं' होत नाही. सहा पुस्तकं झाली तरी अल्विन घाबरटच आहे. पण या सहा पुस्तकांत तो बाबांबरोबर तंबूत राहून आला. चौथ्या पुस्तकात आजोबांचा जिवलग मित्र वारतो आणि अल्विन नकळत 'मी येतो तुमच्याबरोबर' असं बोलून बसतो. प्रेताची, दफनाची, सगळ्याची धास्ती, तरी आजोबा एकटे पडू नयेत हा ओढा त्याला सोडवत नाही. शेवटच्या पुस्तकात तो विमानात बसून चीनला जातो. भीती कुठेच गेली नाही, अल्विन मात्र बरंच हिंडून आला.

मानसोपचारातही जवळपास हेच सांगतात. ज्याची भीती वाटते ते टाळलं, की त्या क्षणी सुटका होते आणि पुढच्या वेळी भीती थोडी वाढलेली असते. म्हणून भीतीच्या दिशेने लहान लहान पायऱ्या करायच्या आणि पायरी झेपेल एवढीच ठेवायची. भीती शून्यावर येण्याची वाट बघत बसायचं नाही.

आपलं कपाट

मराठी बालसाहित्याचं कपाट उघडलं की कोण भेटतं? भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे. सायकलवर टांग टाकून चोरांच्या मागे लागणारा. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, चार माणसांत जाऊन भिडणारा. मी या दोघांवर वाढले आणि आजही कुणी भेट काय देऊ विचारलं तर त्यांचीच नावं सांगते. पण लहानपणी मला एक शंका होती: मी यांच्या गोष्टीत असते तर कोण असते? बहुधा मागे राहून 'चला ना घरी' म्हणणारी.

घाबरलेल्या मुलाचा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला प्रसंग 'श्यामची आई'मध्ये आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला झोडपून विहिरीवर धाडते. नंतर पाठीवरचे वळ बघून तिचंच मन भरून येतं. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, एवढ्यासाठी तिचा सगळा जीव तुटतो. आपण सगळे त्या प्रसंगाला रडलोय. पण आजच्या मुलांना तो वाचून दाखवताना मी थोडी थांबते आणि विचारते, 'श्यामला नेमकी कशाची भीती वाटत असेल? पाण्याची, बुडण्याची, की सगळ्यांनी बघण्याची?' उत्तरं ऐकण्यासारखी असतात. बहुतेक मुलं तिसरं कारण निवडतात.

भीतीने मूल घडतं हा समज आपल्याकडेच खोडून काढणारेही होते. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्रात आल्या आणि बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं मोठं काम उभं केलं. मार, धाक आणि बागुलबुवा यांना या दोघांच्या शाळेत जागा नव्हती. गुजराती आणि मराठी अशा दोन्ही घरांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हा वारसा दोन्हीकडून मिळालेला आहे. तरी 'जेव, नाहीतर पोलीस येईल', 'झोप, नाहीतर बुवा धरून नेईल', 'रडलास तर डॉक्टर सुई टोचतील' ही वाक्यं अजून आपल्या तोंडात आहेत. पुढे खरोखर सुई टोचायची वेळ येते तेव्हा आपणच विचारतो, हा एवढा घाबरतो का?

'शांत मुलगी आहे, काही त्रास नाही'

अल्विनची गोष्ट मला इतकी जवळची का, याचं कारण माझी भाची. वय वर्षं सात. घरी तोंडाला कुलूप घालावं लागेल इतकी बडबडी. शाळेत मात्र जूनपासून दिवाळीपर्यंत तिने वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. पालकसभेत बाईंनी कौतुकाने सांगितलं, 'खूप शांत मुलगी आहे, काही त्रास नाही.' माझी बहीण घरी येऊन म्हणाली, 'ताई, त्या माझ्याच मुलीबद्दल बोलत होत्या ना?'

मूल घरी नीट बोलतं आणि शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, या प्रकाराला इंग्रजीत 'सिलेक्टिव्ह म्यूटिझम' म्हणतात. निवडक मौन म्हणू. हा हट्ट नव्हे, शिष्टपणाही नव्हे. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानाची जी नवी नियमावली काढली, तिच्यात याची गणना चिंतेच्या विकारांत झाली. बोलायचं असतं, पण घसा आवळल्यासारखा होतो.

आपल्यासारख्या घरांनी यात एक फरक समजून घ्यायला हवा. मूल नव्या भाषेच्या शाळेत गेलं, की काही काळ गप्प राहून ऐकतं. हे स्वाभाविक आहे. म्हणूनच निदान करताना शाळेचा पहिला महिना धरत नाहीत आणि भाषा येत नसल्यामुळे आलेलं मौनही यात मोजत नाहीत. पण त्यामुळे उलटी चूकही होते. 'घरी मराठी बोलतात ना, म्हणून गप्प असेल, शिकेल हळूहळू' असं म्हणून वर्ष निघून जातं. भाचीचं तेच होत होतं. काहींनी तर घरी मराठी बंद करा असा सल्ला दिला. भाषा हे कारण नव्हतं. गुजराती मैत्रिणीशी ती सोसायटीच्या जिन्यात फाडफाड गुजराती बोलत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला अल्विन सांगायला घेतला. तो शाळेत बोलतच नाही, या वाक्याला ती उठून बसली. म्हणाली, 'मावशी, त्याचा पण आवाज अडकतो?' एवढ्या महिन्यांत आम्हा मोठ्यांपैकी कुणालाही हा शब्द सुचला नव्हता: आवाज अडकतो. पुढे समुपदेशक बाईंकडे गेल्यावर तिने स्वतःहून हाच शब्द वापरला.

पुस्तकाने तिला बोलतं केलं, असं मी म्हणणार नाही. ते काम समुपदेशक बाईंनी आणि वर्गशिक्षिकेने मिळून, अगदी लहान पायऱ्यांनी केलं. आधी रिकाम्या वर्गात आईशी बोलणं. मग तिथेच मैत्रिणीशी. मग बाई दाराशी उभ्या असताना. मग बाईंच्या कानात एक शब्द. फेब्रुवारीत हजेरीला तिने 'प्रेझेंट' म्हटलं. वर्गाने टाळ्या वाजवू नयेत, हे बाईंनी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. किती शहाणपणाचं होतं ते.

यात घरच्यांचाही एक गृहपाठ होता. हॉटेलात वेटरने तिला विचारलं, की उत्तर आम्ही देत होतो. दुकानात, लग्नात, फोनवर, सगळीकडे तिचं बोलणं आम्हीच बोलत होतो. प्रेमानेच, पण त्यामुळे तिच्या भीतीला आयतं अंथरूण मिळत होतं. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी नेमकं यावरच काम केलं आहे. त्यांच्या पद्धतीत उपचाराला मूल येतच नाही, आईवडील येतात. मुलाच्या भीतीची सोय लावणं कमी कसं करायचं आणि त्याच वेळी 'तुला अवघड जातंय ते मला कळतंय, आणि तुला जमेल' हे कसं सांगायचं, ते शिकतात. मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच या पद्धतीचा गुण येतो, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत दिसलं. आम्ही वेटरसमोर पाच आकडे मोजायला शिकलो. पाच आकडे फार लांब असतात हो!

वाचताना एवढं करा

पुस्तक औषधासारखं हातात देऊ नका. 'तू घाबरतेस ना, म्हणून हे आणलं' असं म्हटलं की ते पुस्तक कपाटात गेलंच समजा. गमतीचं पुस्तक म्हणूनच आणा. मुलाला स्वतःचं काही सापडलं तर ते सांगेल, नाही सांगितलं तरी चालेल.

वाचताना 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी 'तू असतास तर त्या पेटीत काय ठेवलं असतंस?' असं विचारा. एक प्रश्न परीक्षेचा आहे, दुसरा खेळाचा.

इंग्रजी पुस्तक मराठीत सांगताना मोकळेपणाने सांगा, पण कॉनकॉर्डचं कोथरूड करू नका. चिनी घरातला, अमेरिकेत राहणारा एक मुलगा आपल्यासारखाच घाबरतो, हीच तर मुलांना दिलासा देणारी गोष्ट आहे. ती इतक्या लांबून आली म्हणून जास्त दिलासा देते.

तुमची स्वतःची एक भीती सांगा, लहानपणची नको, आत्ताची. मी मुलांना सांगितलं की मला अजून उलट्या दिशेने गाडी घेताना घाम फुटतो. त्यानंतर पार्किंगमध्ये तीन मुलं मला 'या, या, या, बस!' करायला उभी असतात.

आणि हसून भागत नसेल तर ओळखा. पोटदुखीमुळे शाळा बुडू लागली, झोप किंवा जेवण बिघडलं, मूल मित्रांना टाळू लागलं आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, आणि मराठीतही बोलता येतं. आपण गुजरातेत, कर्नाटकात किंवा तेलंगणात राहत असलो तरी मनातलं सांगताना मातृभाषा बरी पडते. आई-बाबांनाही.

ग्रंथालयातल्या मुलांच्या कपाटात आता एक दोनशे पानी वही ठेवली आहे, 'संकटपेटी' नावाची. नाव लिहायचं बंधन नाही, भाषेचंही नाही. लिफ्टच्या प्रश्नाखाली कुणीतरी वेगळ्या अक्षरात उत्तर लिहिलं आहे: 'आधी बेल वाजव. मग मराठीत ओरड. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, मला समजेल.'